शब्द जागा बदलतात, पण कुठवर?

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. त्या गर्दीतले एक वाक्य घेऊ : 'पोलीस चोराला पकडतात.' हेच 'चोराला पोलीस पकडतात' असेही म्हणता येते. मराठीचा शब्दक्रम मोकळा आहे, असे आपण वर्गात सांगतो. तो खरोखर किती मोकळा आहे?

नोम चॉम्स्की यांच्या १९५७ सालच्या पुस्तकापासून प्रजनक व्याकरणाची वाटचाल सुरू झाली. वाक्यातला एखादा घटक मूळ जागा सोडून दुसरीकडे जातो, अशी कल्पना या व्याकरणात आहे. त्या स्थलांतराचे चार प्रकार पाहू.

पहिला, क्रमबदल. 'चोराला' पुढे आला, तरी 'ला' प्रत्यय टिकला आणि क्रियापद 'पकडतात' असेच राहिले.

दुसरा, नामपदाचे स्थलांतर. 'चोर पकडला जातो' या नवीन कर्मणी प्रयोगात 'ला' गळतो आणि क्रियापद चोराप्रमाणे एकवचनी होते. चोर कर्त्याच्या जागी गेला, पण पकडला जाणारा तोच!

तिसरा, प्रश्नपदाचे स्थलांतर. इंग्रजीत 'व्हॉट' वाक्याच्या आरंभी जातो. मराठीत 'मंदाने काय घेतले?' यातला 'काय' कर्माच्या जागीच बसतो.

चौथा, क्रियापदाचे स्थलांतर. 'यू विल कम'चा प्रश्न 'विल यू कम?' असा होतो. मराठीत क्रियापद हलत नाही. 'तू येशील'पुढे 'का' जोडला की झाले.

आता मर्यादा पाहू. 'मंदाने फुगा आणि शिट्टी घेतली.' यातली 'फुगा आणि शिट्टी' ही जोडी अख्खी पुढे नेता येते. पण 'फुगा मंदाने आणि शिट्टी घेतली' हे कानाला खटकते. जोडीतला एकटा घटक बाहेर पडू शकत नाही. जॉन रॉस यांनी १९६७ च्या प्रबंधात हा निर्बंध मांडला आणि अशा बंदिस्त रचनांना 'बेटे' म्हटले.

हे स्थलांतर डोळ्यांना दिसत नाही. ते वाक्यरचना उलगडणारे गृहीतक आहे. काही भाषाशास्त्रज्ञ त्याच्याशिवायही मांडणी करतात. खटकणे मात्र सर्वांनाच मान्य आहे.

ही दोन वाक्ये वर्गात मुलांपुढे ठेवा. झाडीबोलीत बोलणाऱ्या मुलांना ती आपल्या बोलीत म्हणू द्या आणि काय चालते, काय खटकते ते विचारा. ज्या बोलीला आपण चटकन 'अशुद्ध' म्हणतो, तिलाही स्वतःचे नियम असतात. आणि ते मुलांना कोणी शिकवलेले नसतात.