'तयारी किती?' हा प्रश्न घरात कोणाला विचारायचा?

मुलांच्या लठ्ठपणावर काम करू इच्छिणारे बरेच जण मला विचारतात, आहाराची कोणती प्रश्नावली घेऊ, हालचाल कशी मोजू. उपचार सुरू करण्याआधी कुटुंबाची तयारी कशी मोजायची, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. सुरुवातीला मीही त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं.

पायलटच्या वेळची गोष्ट सांगते. नऊ वर्षांचा मुलगा, सोबत आई. मी विचारलं, "ताई, घरात बदल करायची तयारी शून्य ते दहामध्ये किती?" त्या म्हणाल्या, "नऊ." मी खूश! तिसऱ्या भेटीला कोणी आलंच नाही. फोनवर कळलं की स्वयंपाकघर सासूबाईंच्या हातात आहे आणि नातवाच्या ताटातलं काही कमी करायला त्यांचा साफ नकार आहे. वडिलांना तर हे सगळं खूळ वाटत होतं. नऊ हा आकडा खोटा नव्हता, पण तो एकट्या आईचा होता.

आता ही 'तयारी' मोजायची पद्धत आली कुठून ते बघा. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये बदलाचे टप्पे मांडले ते सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून. सिगारेट ओढणारा आणि सोडणारा माणूस एकच असतो. इथे खाणार मूल, रांधणार आजी, किराणा आणणार वडील आणि दवाखान्यात येणार आई. मग 'कुटुंबाची तयारी' म्हणून एकच आकडा लिहायचा तो कोणाचा?

एपस्टाईन यांचा १९९० चा दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा पेपर यासाठी जरूर वाचा. सहा ते बारा वर्षांची मुलं होती. ज्या गटात पालक आणि मूल दोघांच्याही बदलावर लक्ष दिलं, तिथे दहा वर्षांनी मुलांच्या जादा वजनाची टक्केवारी ७.५ ने कमी होती. तुलनेच्या गटात ती १४.३ ने वाढली होती. फक्त मुलावर लक्ष दिलेला गट या दोन्हींच्या मध्ये राहिला.

दुसरी गफलत म्हणजे 'तयारी' या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. हे महत्त्वाचं वाटतं का, आणि हे मला जमेल असं वाटतं का? मिलर आणि रोलनिक यांच्या प्रेरक मुलाखतीच्या पद्धतीत यासाठी दोन वेगळ्या पट्ट्या असतात. दोन नोकऱ्या करणारी आई महत्त्वाला दहा देईल आणि जमण्याला दोन. तिला लठ्ठपणाचे धोके समजावून काय उपयोग? तिला वेळ हवाय.

आकडा मिळाल्यावरचा प्रश्न तर त्याहून कामाचा. मी नंतर त्या आजींना भेटले. महत्त्वाला त्यांनी तीन दिले. "तीनच का?" असं विचारलं असतं तर "खात्यापित्या घरचं पोर आहे" हे ऐकावं लागलं असतं. मी विचारलं, "तीन का, एक का नाही?" थोडं थांबून म्हणाल्या, "जिना चढताना धापा टाकतो गं." कारण त्यांच्याच तोंडून आलं.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१५ च्या तक्त्यांत मोठेपणीच्या २३ बीएमआयशी जुळणारी रेषा ओलांडली की मूल जादा वजनाचं, २७ ची ओलांडली की लठ्ठ. घरातल्यांच्या डोळ्यांना तेच मूल 'सुदृढ' दिसतं. म्हणून तयारीच्या आधी "तुम्हाला याचं वजन कसं वाटतं?" हे विचाराच.

तयारी नसेल तर उपचार थांबवायचे का? अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीचं १९९८ मध्ये म्हणणं होतं की तयारी नसताना केलेला फसका प्रयत्न मुलाचा आत्मविश्वास घालवतो आणि पुढची वाटही अवघड करतो. २०२३ ची तिथल्या बालरोगतज्ज्ञांची मार्गदर्शिका म्हणते, वाट बघत बसू नका. मला विचाराल तर तयारी कुठून सुरुवात करायची हे ठरवण्यासाठी मोजावी, कोणाला दारातून परत पाठवायचं यासाठी नको. संशोधनात तर दुहेरी काळजी घ्या. फक्त 'तयार' कुटुंबं घेतलीत तर तुमचा निष्कर्ष फक्त त्यांच्यापुरताच राहील.

आणि एक व्यवहाराचं. आजीला प्रश्न विचारले की त्याही सहभागी ठरतात, त्यांचं संमतीपत्र वेगळं लागतं. मूल सात वर्षांवरचं असेल तर त्याचा होकारही घ्यावा लागतो. हे एथिक्स कमिटीच्या पहिल्याच अर्जात लिहा, नाहीतर माझ्यासारखे दुरुस्तीचे कागद घेऊन पुन्हा फेऱ्या माराव्या लागतील.