याचा उपयोग काय?

समजा, नालवाडीतल्या रूमवर रात्री बारा वाजता तुम्ही रील्स सरकवताय. असाइनमेंट उद्या द्यायचीय. मध्येच एक व्हिडिओ येतो. समुद्रकिनाऱ्यावर पिवळ्या पाइपांचा भलामोठा सांगाडा अनेक पायांनी चालतोय. मोटर नाही, बॅटरी नाही. नुसता वारा. तुमचं बोट थांबतं.

हा प्राणी थिओ यान्सेन या डच कलावंताचा. फिजिक्स शिकलेला हा माणूस १९९० पासून असे प्राणी बनवतोय. साहित्य? वायरिंगसाठी वापरतात ते पीव्हीसी पाइप. आपल्या इलेक्ट्रिशियनकडे असतात, तसलेच.

असाच दुसरा अवलिया अमेरिकेचा आर्थर गॅन्सन. त्याच्या एका यंत्रात मोटर मिनिटाला दोनशेहून जास्त फेऱ्या मारते. पुढे गिअरच्या बारा जोड्या. प्रत्येक जोडी वेग पन्नास पटींनी कमी करते. शेवटचं चाक चक्क काँक्रीटमध्ये गाडलंय! तरी मोटर अडत नाही. कारण त्या चाकाची एक फेरी पूर्ण व्हायला दोन लाख कोटींहून जास्त वर्षं लागतील. मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहे, करून बघा हिशेब.

आणि आपल्या मुंबईची शिल्पा गुप्ता. तिच्या २००९ च्या एका कलाकृतीत लोखंडी फाटक आपोआप इकडून तिकडे झुलतं आणि भिंतीवर आपटत राहतं. हळूहळू भिंतच फुटत जाते.

नावं ओळखीची नाहीत? मलाही नव्हती. बोट थांबलं, तेवढं पुरे.

घरी दाखवलंत तर प्रश्न ठरलेला: ‘‘काय कामाचं आहे हे?’’ तेव्हा तान्हा पोळा आठवा. चाकांचा लाकडी बैल दोरीने ओढत तुम्हीही गल्लीभर फिरला असाल. त्या बैलाने कधी एक तास तरी नांगरला का? सिंदी रेल्वेचे ते भलेमोठे नंदी बघायला गर्दी लोटते, तिथे कुणी उपयोग विचारतं का?

आता एक काम करा. याच नालवाडीत विनोबा तासन् तास सूत कातायचे. वर्ध्यातल्या मगन संग्रहालयात, १९३८ साली गांधीजींनी उद्घाटन केलेल्या, चरखे आहेत. शाळेच्या सहलीत बघितले असतील, माहितीचा फलक वाचून पुढे गेला असाल. या वेळी फलक वाचू नका. कुणी चरखा चालवून दाखवत असेल तर नुसतं बघा. मोठ्या चाकाची एक फेरी झाली, की चाती कितीदा फिरते? गॅन्सनच्या यंत्राच्या बरोबर उलट गंमत आहे ती. मोजायला जाल, तर डोळे हरतील.