जुळ्यांतलं एकच बाळ

गर्भधारणेच्या तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची चपटी पट्टी दिसू लागते. तिच्या कडा उचलल्या जातात, एकमेकींना भिडतात, आणि हा जोड मानेपासून वर डोक्याकडे नि खाली कमरेकडे सरकत जातो. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास नळी मिटते. हीच मज्जानलिका, डॉक्टरांची न्यूरल ट्यूब. वरचं टोक उघडं राहिलं तर मेंदू आणि कवटी पूर्ण घडत नाहीत. असं बाळ जगत नाही. खालचं उघडं राहिलं तर पाठीचा मणका दुभंगलेला राहतो.

एकसारखी जुळी त्याआधीच, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, वेगळी झालेली असतात. मग प्रत्येकाची नळी आपापली मिटते. जनुकं तीच, आईचं रक्त तेच, आणि तरीही बहुतेक वेळा दोष एकातच निघतो! ‘ग्रहण पाळलं नाहीस का’ असं सुनेला विचारणाऱ्या प्रत्येक घराला हे कळायला हवं.

जुळ्यांत निदानही अवघड. या दोषात आईच्या रक्तातलं एएफपी हे गर्भाचं प्रथिन वाढतं. पण दोन्ही बाळं निरोगी असली तरी ते साधारण दुप्पट असतंच. दोष कोणत्या बाळात, हे सोनोग्राफीच सांगते. मेंदू न घडलेलं बाळ गर्भजल नीट गिळत नाही, पाणी वाढतं, कळा लवकर सुरू होतात आणि निरोगी भावंडही धोक्यात येतं. वारा वेगळ्या असतील तर सदोष गर्भाचे ठोके इंजेक्शनने थांबवता येतात. वार एकच असेल तर दोघांचं रक्त जोडलेलं असतं. तिथे इंजेक्शन चालत नाही, त्या गर्भाची नाळच बंद करावी लागते. आईबापांसाठी याहून कठीण निर्णय मला माहीत नाही.

दोष टाळण्याच्या उपायाचा माग मुंबईतच लागतो. परळला उतरलं की हाफकिन संस्था जवळच. तिथे 1928 पासून लूसी विल्स यांनी गरीब गरोदर बायकांतला रक्तक्षय अभ्यासला, आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, तो बरा होतो हे 1931 मध्ये मांडलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आधी असा दोष असलेलं बाळ झालेल्या स्त्रियांना त्याची 4 मिलिग्रॅमची मात्रा दिल्यावर दोष पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं, हे ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या चाचणीने 1991 मध्ये दाखवलं. इतरांना रोज 400 मायक्रोग्रॅम पुरतं, पण दिवस राहण्याआधीपासून. कारण पाळी चुकल्याचं लक्षात येतं तेव्हा नळी मिटायला जेमतेम दोन आठवडे उरलेले असतात, आणि दवाखान्यात नाव घालेपर्यंत बहुधा तेही सरलेले असतात.