घाट पाहिला, तोही मोबाइलमध्ये

सह्याद्रीचा फोटो काढायचा तर चिपळूणकडून निघावे आणि दुपारी निघावे. ही डोंगररांग उत्तर-दक्षिण पसरलेली, आणि तिचा तुटलेला कडा कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला. सकाळी ऊन मागून येते, कडा काळाठिक्कर दिसतो. चारनंतर सूर्य समुद्राकडे कलला की तोच कडा उजळतो आणि लाव्हाचे एकावर एक बसलेले थर पायऱ्यांसारखे दिसू लागतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर. वर्गात बेसाल्ट शिकवताना फळ्यावर कितीही रेघा ओढल्या तरी मुलांच्या डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब कुंभार्ली घाटाने कराडला निघालो. पावसाने हवा धुतलेली असते तेव्हाच जावे. एप्रिल-मे महिन्यांत धुरकटपणा फार.

पायथ्याला पोफळी लागते. वरच्या कोयनेचे पाणी बोगद्यांतून इथे आणून वीज केली जाते आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. पूर्वेला कृष्णेकडे जाणारे पाणी असे अरबी समुद्राला मिळते. फोटोत हे दिसत नाही, पण मुलांना सांगायला हवे.

पुढच्या सीटवर अब्बा होते. एसटीचे ड्रायव्हर म्हणून त्यांची बरीच नोकरी याच घाटात झाली.

"अब्बा, तुम्ही तर हे रोज बघायचात!" धाकटी म्हणाली.

"कसलं बघतोय बेटा? मागे पन्नास माणसं बसलेली. मी फक्त रस्ता बघितला."

आता बघायला वेळ आहे, तर काचबिंदू आहे. बाजूचे दिसणे कमी होत चालले आहे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब टाकून राखायची, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. नुसत्या फोटोंसाठी आम्ही एवढी घाई केली नसती.

वळणावर मात्र त्यांनी गाडी थांबवू दिली नाही. ते बरोबरच होते. फोटोसाठी लोक वळणावर गाडी उभी करतात, आणि वरून येणाऱ्या ट्रकला ती ऐनवेळी दिसते. रुंद, मोकळी जागा आल्यावरच आम्ही उतरलो. मोबाइलची काच रुमालाने पुसली, स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा कमी केला, नाहीतर आभाळ पांढरेफटक येते. नुसता डोंगर फोटोत लहान वाटतो, म्हणून खालच्या वळणावर लाल एसटी येईपर्यंत थांबलो. ती काडेपेटीएवढी दिसली, तेव्हा कड्याची उंची कळली.

अब्बा दरीकडे तोंड करून उभे होते, मान इकडून तिकडे फिरवत. "तुकडे-तुकडे दिसतं रे," म्हणाले. आम्ही मोबाइल त्यांच्या हातात दिला. एवढ्याशा चौकोनात सगळी रांग त्यांच्या नजरेत मावली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एसटीवर बोट ठेवले.

"दुसऱ्या गिअरला आहे. आवाज ऐक."