जीर्ण यंत्राचा जीर्णोद्धार

चारठाण्यास पाहुणा आला म्हणजे आम्ही त्यास प्रथम गोकुळेश्वराच्या मंदिराकडे व तेथील बारवेकडे नेतों. जिंतूर तालुक्यांतील हें आमचें गांव जुन्या देवालयांबद्दल प्रसिद्ध आहे, आणि जेथें जुनीं देवालयें तेथें जीर्णोद्धाराची चर्चा ओघानेंच येते. कोणता चिरा काढावा, कोणता तसाच ठेवावा, नवा दगड जुन्या थरांत बसेल कीं नाहीं, हे प्रश्न आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. परंतु असाच एक जीर्णोद्धार साठी उलटल्यावर घरच्या मेजावर, आणि तोहि संगणकाचा, आम्हांस करावा लागेल असें कधीं वाटलें नव्हतें.

हा संगणक आम्हीं २००९ सालीं घेतला. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविलेली होती. ज्या वाचकांस हें नांव अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. हेलसिंकी येथें शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं या प्रणालीचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. तत्पूर्वीं आठ वर्षें, १९८३ सालीं, अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं 'ग्नू' या नांवानें मुक्त प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला होता. हा गाभा व इतर साधनें एकत्र करून निरनिराळीं मंडळें जीं 'वितरणें' सिद्ध करतात, तींच आपण घरीं बसवितों. डेबियन हें १९९३ पासूनचें वितरण त्यांपैकींच एक. आपल्या सी-डॅकनें २००७ सालीं काढलेलें 'बॉस' हें डेबियनच्याच पायावर उभें आहे. या विद्येस मोल पडत नाहीं, आणि जुन्या यंत्रासहि ती चालते, ही तिची कीर्ति ऐकूनच आम्हीं ती पत्करली होती.

या यंत्रांत आमचें स्वतःचें म्हणावें असें फारसें कांहीं नव्हतें. खरें धन होतें तें आमच्या सौभाग्यवतींचें. गांवांतील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून लिहून घेण्याचा छंद त्यांस आहे. सुमारें साडेतीनशें ओव्या त्यांनीं स्वहस्तें टंकित केल्या, आणि कांहीं बायकांचे आवाजहि ध्वनिमुद्रित करून ठेवले. त्यांपैकीं दोघीजणी आतां हयात नाहींत. त्यांचा कंठ या एका यंत्राखेरीज जगांत अन्यत्र कोठेंहि उरलेला नाहीं.

गेल्या दिवाळीनंतर यंत्र कुरकुरूं लागलें. पुष्कळशीं संकेतस्थळें उघडेनात. पेढीचें पान तर 'आपला न्याहाळक जुना झाला आहे' असें सांगून दार लावून घेई. आमच्या वितरणाची ती आवृत्ति कालबाह्य होऊन तिची डागडुजी थांबली होती. पुढील आवृत्तीवर जावें असा निश्चय आम्हीं केला. पडद्यावर इंग्रजींत लांबलचक सूचना आल्या, शेवटीं 'होय कीं नाहीं' असा प्रश्न आला, आणि आम्हीं 'होय' म्हटलें. तीन तास नवें साहित्य उतरत होतें. तें बसविण्याचें काम अर्ध्यावर आलें असतां वीज गेली. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी; तिनें पांच मिनिटेंहि साथ दिली नाहीं. वीज परतल्यावर यंत्र सुरू केलें, तों काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली, आणि त्यापुढें कांहीं नाहीं.

सौभाग्यवती कांहीं वेळ कांहींच बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "अहो, शाळेंत मुलांना सांगत होतां ना, उत्तर लिहिण्यापूर्वीं प्रश्न नीट वाचा म्हणून? त्या सूचनांत पहिल्याच ओळीला, आधीं सर्व कांहीं दुसरीकडे उतरवून ठेवा, असें लिहिलें नव्हतें का?" लिहिलें होतें. आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्या रात्रीं आम्हां दोघांसहि झोंप आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुण्याच्या पुतण्यास दूरध्वनि केला. तो म्हणाला, "काका, घाबरूं नका. घराचा दरवाजा अडकला आहे, घर जळालेलें नाहीं." त्याच्या सांगण्यावरून शेजाऱ्यांच्या संगणकावर एका पेन ड्राइव्हमध्यें संपूर्ण लिनक्स प्रणाली भरून घेतली. यंत्र तिच्यावरून चालू केलें असतां आंतल्या तबकडीस धक्का न लावतां तिच्यांतील सर्व सामान दिसूं लागलें. ओव्या जागेवर होत्या. पहिला आवाज खोलींत उमटला तेव्हां सौभाग्यवतींनीं पदर डोळ्यांस लावला. आम्हीं तत्काळ सर्व संग्रह दोन निरनिराळ्या ठिकाणीं उतरवून घेतला.

मग पुतण्यानें एक आज्ञा टंकावयास लावली: एल-एस-सी-पी-यू. तिच्या उत्तरांत आमच्या यंत्राचा मेंदू चौसष्ट-बिटी असल्याचें निघालें! विक्रेत्यानें त्यावर बत्तीस-बिटी प्रणाली बसवून दिली होती, आणि आम्ही इतकीं वर्षें यंत्रासच जुनें म्हणून दोष देत होतों.

हा बत्तीस-चौसष्टाचा भेद संस्कृत जाणणाऱ्यांस पिंगलाच्या छंदःशास्त्रावरून सहज उमगेल. प्रत्येक स्थानीं लघु किंवा गुरु एवढे दोनच पर्याय. म्हणून तीन अक्षरांचे प्रस्तार आठ, आणि तेच आपले य-म-त-र-ज-भ-न-स हे गण. अनुष्टुभाच्या श्लोकांत अक्षरें बत्तीस. वृत्ताचे नियम बाजूस ठेवून प्रत्येक अक्षर लघु अथवा गुरु धरलें, तर प्रकार होतात ४,२९,४९,६७,२९६. बत्तीस-बिटी संगणकाच्या एका पत्त्यांत इतकींच घरें मोजतां येतात, म्हणजे चार गिगाबाइट स्मृति. शिवाय जुन्या पद्धतींत काळाची गणना १ जानेवारी १९७० पासून सेकंदांनीं होते. बत्तीस स्थानांपैकीं एक चिन्हाकडे गेल्यामुळें ती १९ जानेवारी २०३८ रोजीं संपते.

यास्तव वितरणांनीं एकामागून एक हा जुना मार्ग सोडला. उबुंटूनें २०१९ सालीं सोडला. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीपासून बत्तीस-बिटी इंटेल यंत्रांवर नवी स्थापना होत नाहीं. आणि फायरफॉक्सची ऑक्टोबर २०२५ मधील १४४ वी आवृत्ति अशा लिनक्ससाठीं शेवटची ठरली. प्रथम आम्हांस याचा राग आला. पण प्रत्येक जुन्या जातीच्या यंत्रावर प्रत्येक सुधारणा तपासून पाहावी लागते, आणि हें काम करणारे पुष्कळसे लोक स्वयंसेवक आहेत, हें ध्यानांत आल्यावर राग ओसरला.

बत्तीसावरून चौसष्टावर सरळ चढतां येत नाहीं. शिखर उभें ठेवून पाया बदलण्यासारखें तें आहे; सर्व उतरवून नव्यानें रचावें लागतें. तसें आम्हीं केलें. स्मृति वाढविली, फिरत्या तबकडीच्या जागीं घन-स्थिति तबकडी घातली, आणि एक्सएफसीई हा हलका पडदा निवडला. तरी क्लेश संपले नाहींत. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक दोन दिवस सांपडेना, आणि मुद्रक तर अद्यापहि रुसलेला आहे. परंतु 'लोहित' हा मुक्त टंक बसवितांच ओव्यांचीं जोडाक्षरें पूर्ववत् शुद्ध दिसूं लागलीं, तेव्हां श्रमाचें सार्थक झालें.

ज्यांच्या घरीं असें जुनें यंत्र आहे त्यांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. आधीं संग्रह दोन ठिकाणीं उतरवा, आणि उतरलेला उघडून पाहा. मग मेंदू किती बिटांचा तें विचारा. नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून पारखा. विजेची खात्री असल्याविना काम आरंभूं नका. आणि पडद्यावरचा प्रश्न पुरता वाचल्याखेरीज 'होय' म्हणूं नका.

हल्लीं तिसऱ्या प्रहरीं सौभाग्यवती त्याच यंत्रापुढें बसतात. परवां आणखी चार ओव्या मिळाल्या. त्या टंकून झाल्यावर त्यांनीं आमच्याकडे न पाहतांच विचारलें, "दुसरीकडे उतरवल्यात ना?" आम्ही मुकाट्यानें उठलों.