पाठीवर माउली

आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी माणसांचं भलंमोठं कडं उभं राहतं. हे पंढरीच्या वारीतलं रिंगण. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी. त्यानंतर दोन घोडे सुटतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार. दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच दिसत नाही.

तोच माउलींचा, म्हणजे संत ज्ञानेश्वरांचा अश्व. बापाच्या खांद्यावर बसलेल्या लेकराला हे बरोबर कळतं. मोठ्यांना भक्तीचा अर्थ सांगावा लागतो. पोराला रिकाम्या पाठीवर माउली बसलेली असते, एवढंच पुरतं. दौड संपली की आई टापांखालची माती उचलते आणि त्याच्या कपाळाला लावते. जनावराच्या पायाची धूळ माथी घ्यायची, हा संस्कार कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा खोल जातो.

हे घोडे येतात बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. 1832च्या सुमारास आरफळच्या हैबतबाबांनी पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली, तेव्हापासूनचा हा मान. अंकली ते आळंदी हे सुमारे तीनशे किलोमीटर अंतर घोडे चालत येतात. वाटेत गावोगाव त्यांचं स्वागत होतं, पूजा होते. मग आळंदीहून पंढरीपर्यंत वारीसोबत चालणं. चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण, पुढे पुरंदवडे, खुडूस, ठाकूरबुवाची समाधी. तुकोबांच्या सोहळ्याची रिंगणं वेगळी: बेलवाडी, इंदापूर, अकलूज.

पण मुलाच्या मनाशी घोड्याचं जे नातं जुळतं, त्याचं मूळ घोड्याच्या स्वभावातही आहे. घोडा शिकारी नव्हे, शिकार होणारा प्राणी. त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागची जागा दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे मागून जायचं नाही, ओरडायचं नाही, गूळ द्यायचा तो उघड्या तळहातावर. कान मागे पडले की तो वैतागलाय, पुढे वळले की ऐकतोय. अंगात भीती किंवा राग घेऊन आलेल्या माणसाजवळ तो अस्वस्थ होतो. त्याला शांत ठेवायचं तर मुलाला आधी स्वतः शांत व्हावं लागतं. हट्टी पोरगंसुद्धा इथे हळू बोलायला शिकतं, कारण दरडावून काही साधत नाही.

घोड्याच्या पाठीवरचा आधार काय करू शकतो, हे जगाला लिस हार्टेल या डॅनिश स्त्रीने दाखवलं. 1944मध्ये तिला पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे राहिले. तिला घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. तरीही 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने अश्वारोहणाचं रौप्यपदक मिळवलं. घोडा चालताना स्वाराच्या कंबरेला माणसाच्या चालीसारखीच हालचाल मिळते. अपंग मुलांच्या उपचारात आज याचाच उपयोग होतो.

वारीतल्या मुलाला पाठीवर बसायला मिळत नाही, आणि ते योग्यच. रिंगणाची गर्दी जवळीक करायची जागाही नव्हे. उधळलेल्या जथ्यात लहान जीव चेंगरू शकतो. खरी भेट मुक्कामाची. पंढरीत शिरण्याआधी वाखरीच्या तळावर सगळ्या प्रमुख पालख्या एकत्र येतात. तिथे विसावलेला घोडा चारा खात असतो. आईबापांनी दर्शनाची घाई न करता पोराला हातभर लांब, घोड्याला दिसेल असं उभं करावं, आणि घोडेकऱ्याला विचारून मगच मानेवर हात ठेवू द्यावा.