पालिकेचे मत: हक्क की देणे?

महापालिकेच्या निवडणुकीत मत देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे काय, असे कामगार वस्तीत विचारले की उलट प्रश्न येतो, "नळाला पाणी येणार आहे का?" हे उत्तर आम्हांला उडवाउडवीचे वाटत नाही. पाणी, गटार, दवाखाना, पालिकेची शाळा, एवढेच ज्याचे सरकार, त्याने हिशेब तेथेच मागावा हे योग्यच.

मुंबईचा पालिका कायदा १८८८ सालचा. मत प्रथम कर भरणाऱ्यांचे होते, पुढे ठराविक भाडे भरणाऱ्यांचे झाले. एका खोलीत दाटीने राहणाऱ्या कितीएक गिरणी कामगारांचे नाव यादीत येण्याचे कारणच नव्हते. प्रौढ मतदानाने पालिका निवडली गेली ती १९४८ साली. जे इतक्या उशिरा हाती आले, ते सहज टाकून देण्याजोगे नाही.

कोणी म्हणेल, हक्क आहे तर न वापरण्याचाही हक्क आहे. संघटनेत आम्ही असे सभासद पुष्कळ पाहिले आहेत. वर्गणी भरायची नाही, सभेला यायचे नाही, पण पगारवाढ झाली की रांगेत पहिले! पालिकेतही तसेच आहे. न दिलेल्या मताचा भार शेजाऱ्यावर पडतो. म्हणून मत हे एकमेकांचे देणे आहे, असे आम्ही मानतो. उमेदवार पसंत नसेल तर 'वरीलपैकी कोणी नाही' हे बटण आहेच.

तथापि देणे निराळे आणि सक्ती निराळी. गुजरातेत स्थानिक संस्थांसाठी सक्तीच्या मतदानाचे विधेयक २००९ साली मंजूर झाले, २०१४ साली त्याला राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. आम्हांला ही सक्ती मान्य नाही. रात्रपाळी करून आलेला कंत्राटी कामगार रांगेत उभा राहिला नाही, तर दंड त्याला करायचा, की त्याची मजुरी बुडवणाऱ्या कंत्राटदाराला? सुट्टीचे परिपत्रक निघते. रोजंदारीवाल्याच्या हाती त्यातले काय पडते, ते नाक्यावर जाऊन विचारावे.

शिवाय कर्तव्य दोन्ही बाजूंचे असते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने सांगितले. मुंबई पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. ज्याला मत देण्याची संधीच मिळाली नाही, त्याला कर्तव्याचे पाठ कोणत्या तोंडाने द्यावेत?

आणि यादी! प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीवरून तयार होते. तेथे नाव नसेल तर ऐन निवडणुकीत धावाधाव करून उपयोग नाही. भाड्याची खोली बदलणाऱ्याचे नाव जुन्याच पत्त्यावर राहते. म्हणून निवडणूक दूर असतानाच चाळीचाळीतून यादी वाचून दाखवावी, गळलेल्यांचे अर्ज भरून द्यावेत. प्रत्येक मजल्यामागे एक माणूस लावला, तर हे काम दोन रविवारांत उरकते.